हैबतीच्या गाडीचा हप्ता

टेपवाडीच्या हैबतीने हप्त्यावर गाडी घेतली ही बातमी महाडच्या एसटी स्टँडवर जन्माला आली आणि हैबतीची बायको बयाबाई डोंगर चढून घरी पोचायच्या आत टेपवाडीत पोचलीसुद्धा. बातमीला कुठे गुडघे असतात दुखायला? बयाबाईला होते, आणि चांगले ठणकत होते. डोक्यावरची पाटी सावरत ती शेवटची चढण चढून आली तर शेजारची मंजुळा कमरेवर हात ठेवून वाटेतच उभी.

"काय गो बया, गाडी घेतलीत म्हनं?"

"तुला कोनी सांगितलं?"

"नाक्यावर तेल आनायला गेलेली. गणू सगळ्यांना सांगत सुटलाय. येवढी मोठी गोष्ट, आन शेजारनीला पत्ता नाय?"

गणू म्हणजे नाक्यावरचा दुकानदार. तो बयाबाईच्याच एसटीत होता. ती नवऱ्याच्या औषधासाठी पोलादपुरात उतरली, हा उतरला नाही. तेवढ्यात मेल्याने काम केलं.

बयाबाईने मंजुळेकडे पाहिलं. खरं सांगावं असं एकदा तिच्या जिभेवर आलं. पण मंजुळेच्या डोळ्यांत असं काही चमकत होतं, की तिला ते विझवावंसं वाटेना.

"घेतली नाय गो," ती म्हणाली, "घेतोय. हप्त्या-हप्त्यानं."

आणि घरात निघून गेली. आता तुम्हीच सांगा, यात खोटं काय बोलली ती? एक अक्षर खोटं नव्हतं.

झालं होतं ते असं. शिमग्याला मुंबईहून मुलगा आला होता, राजेश. त्याने बापासाठी एक जाड पुठ्ठ्याचं पाकीट आणलं. आत एक इंग्रजी अंक, गुळगुळीत कागदाचा, आणि प्लास्टिकच्या फुग्यात बसवलेलं एक इवलंसं स्टेअरिंग. दर आठवड्याला एक अंक निघणार, प्रत्येक अंकासोबत गाडीचा एक-एक भाग मिळणार, आणि सगळे भाग जोडले की हातभर लांबीची हुबेहूब मोटार तयार. काळी, गोल पाठीची, पुढे दांड्यांची जाळी असलेली. चित्र पाहिलं मात्र, हैबती अंथरुणात उठून बसला.

"अरे, ही तर शेटची गाडी!"

मुंबईत उमेदीची आख्खी वर्षं हैबतीने त्या गाडीच्या स्टेअरिंगमागे घालवली होती. गाडी शेटची, हात हैबतीचे. दर उन्हाळ्यात शेट महाबळेश्वरला जायचा, आणि पोलादपूरवरून घाटाला लागताना गाडी टेपवाडीच्या नाक्यावरून जायची. थांबायची सोय नव्हती. शेटाणीला घाटात मळमळायचं, तिला कधी एकदा वर पोचतो असं व्हायचं. मग हैबती नाक्याच्या वळणावर एक लांबलचक हॉर्न द्यायचा, गरज नसताना. वर डोंगरात तो आवाज पोचला की बयाबाईचं मुसळ हवेतच थांबायचं, आणि सासू म्हणायची, "गेला गो माझा लेक." वर्षातून एकदा नवरा असा हॉर्न होऊन भेटायचा. सासूची एकच इच्छा होती, लेकाने एकदा तरी गाडी दारात आणावी. आणणार कुठून? नाक्यापासून वाडीपर्यंत नुसती पाऊलवाट, तीही शेळ्यांनी पाडलेली. सासू तशीच गेली.

राजेशने महाडच्या स्टँडवरच्या पेपरवाल्याला, महमूदभायला, अंक राखून ठेवायला सांगितलं. बयाबाई दर बाजाराला गावठी अंडी आणि तूप घेऊन महाडला जातच होती. पहिल्यांदा ती स्टॉलसमोर उभी राहिली तेव्हा महमूदभायने विचारलं, "कुणाच्या नावाचा अंक, वहिनी?"

आता आली का पंचाईत! अंक नवऱ्याच्या नावाचा, आणि नवऱ्याचं नाव बयाबाईने लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडातून काढलेलं नाही. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य उणं होतं, हे तिच्या आईने सांगितलेलं, आईला आजीने. ती घुटमळली. पदराशी चाळा केला. शेवटी म्हणाली, "तो नाय काय, दर हप्त्याला यायचा. गाडीचा."

महमूदभायच्या घरात हप्ता म्हणजे आठवडा. तो हसला आणि म्हणाला, "समजलो. हैबतीच्या गाडीचा हप्ता!" तेव्हापासून ती दिसली की स्टॉलवरून हाक यायची, "वहिनी, हैबतीच्या गाडीचा हप्ता आलाय!" असं दोनेक महिने चाललं. मग एके दिवशी ती हाक नेमकी गणूच्या कानावर पडली. गणूच्या दुकानात हप्त्याचा अर्थ एकच. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पण खेळण्यातल्या गाडीसाठी घोड्यासारख्या बाप्याने असं वेडं का व्हावं, हे समजायला आदल्या वर्षीची डोलीची गोष्ट ठाऊक असायला हवी.

हैबतीला दमा होता, आणि गुडघे गेलेले. कापणीच्या दिवसांत एकदा असा उबाळा आला की श्वास घशातच अडकला. वाडीतल्या चौघांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली, त्यात त्याला घातलं आणि निघाले खाली. टेपवाडीत आजारी माणूस असाच उतरतो. अडलेली बाई अशीच उतरते, आणि प्रेतही असंच. वाटेत धूळ उडत होती म्हणून बयाबाईने नवऱ्याच्या तोंडावर पंचा टाकला. नाक्यावर पोचले तर दुकानाच्या पायरीवरून गणूने विचारलं, "कोन गेला गो?"

कुणी गेलेलं नव्हतं! पण 'कोन' म्हटल्यावर सांगायचं ते नाव. बयाबाईच्या तोंडून "आमचे..." एवढंच निघालं, पुढे जीभ अडली, आणि दिवसभर दाबून धरलेलं रडू फुटलं. तिने पदर तोंडात कोंबला. झालं! गणूने हात जोडले. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. पारावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. कुणीतरी गणूच्या फोनकडे धावलं, मुंबईला निरोप धाडायला.

तेवढ्यात डोलीतून पंचा उडाला.

"मेल्यांनो, अजून गेलो नाय मी!"

नाका आठवडाभर हसत होता. हैबती हसला नाही. महाडच्या दवाखान्यातून घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "अगो, एक नाव घेतलं असतंस तर मी मेलो नसतो."

"नाव घेतल्यानं आयुष्य उनं होतं," बयाबाई म्हणाली.

"आन नाय घेतल्यानं माझ्यासमोर माझंच शटर पाडलं, त्याचं काय?"

मग त्याने ते सांगितलं, ज्याने तिचा जीव टांगणीला लागला. आता डोलीत बसणार नाही. दारात गाडी आली तर तिच्यात बसून खाली उतरेन, नाहीतर इथेच. मेल्यावर काय न्यायचं ते न्या. डॉक्टरने महिन्याला दाखवायला सांगितलं होतं, हा एकदाही गेला नाही. बयाबाई खोकल्याचं वर्णन डॉक्टरला सांगून औषध आणायची. दर उबाळ्याला तिला वाटायचं, हाच शेवटचा. आणि हट्टी माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून ती अंक आणत होती, समजलं? गाडी जोडत बसला की माणूस भिंतीकडे तोंड करत नसे. चष्म्याला दोरी बांधून, श्वास रोखून, तो एकेक नट बसवायचा. आधी स्टेअरिंग, मग दिवे, मग दरवाजे. दरवाजा उघडायचा, मिटायचा, आणि मिटताना बारीक 'टक्' असा आवाज यायचा. तो आवाज ऐकून हैबती स्वतःशीच हसायचा.

आणि आता बातमी फुटली होती.

चारच दिवसांत सरपंच चांगू वर आला. निवडणूक नसताना चांगूने डोंगर चढल्याचं वाडीत कुणाला आठवत नव्हतं. अंगणात येऊन त्याने आधी धाप टाकली, मग पाणी मागितलं, मग म्हणाला, "काकी, गाडी घेताय म्हनं. आनंद हाय. पन ठेवनार कुठं? नाक्यावर माझ्या पडवीसमोर नाय ठेवायची हां, आधीच सांगतो."

"दारात ठेवू," बयाबाई चुलीपासून म्हणाली.

"दारात? आन रस्ता?"

बयाबाई बाहेर आली. हात पिठाचे तसेच. "चांगू, दरसाल ही वाडी तुझ्याकडं रस्ता मागते. तू काय म्हनतोस? वर एकाच्या तरी दारात गाडी दाखवा, दुसऱ्या दिवशी ठराव करतो. म्हनतोस का नाय?"

"ते बोलन्यात बोललो असेन..."

"मग आता गाडी येतेय. तू ठरावाला लाग."

"आधी गाडी तर दिसू दे!"

"हप्ते संपू देत," बयाबाई म्हणाली आणि आत गेली. आत हैबतीने अर्धवट गाडी मांडीवर घेऊन वर गोधडी ओढली होती, आणि गोधडीखाली तो हसू दाबून खोकत होता.

चांगू पाय आपटत उतरला. ठराव-बिराव काही झाला नाही. होणार होता कुठे! पण ते बोलणं मंजुळेने कुंपणाआडून ऐकलं होतं, आणि मंजुळा गप्प बसणाऱ्यातली नव्हे. गेल्या पावसात तिची सून डोलीतच बाळंत झाली होती, अर्ध्या वाटेवर, चार बाप्ये तोंड फिरवून उभे असताना. सून वाचली, पोर वाचलं नाही. संध्याकाळी मंजुळा देवळासमोर उभी राहून वाडीला ऐकू जाईल अशी बोलली.

"चांगूच्या ठरावाची वाट बघत बसलात तर हैबतभावजींची गाडी गंजून जाईल! आपल्यातल्या एकानं गाडी घ्यायची हिंमत केली, तुमच्याच्यानं वाट खनवत नाय? बांगड्या भरा!"

मे महिना होता. चाकरमानी सुट्टीवर आलेले. फणस खाऊन आणि पत्ते कुटून कंटाळलेले बाप्ये. दुसऱ्या दिवशी पहारी निघाल्या, कुदळी निघाल्या, बायकांनी घमेली घेतली आणि नाक्याच्या बाजूने वाट खणायला सुरुवात झाली. ज्याच्या शेताचा बांध मध्ये आला त्याने कुरकुर न करता बांध मागे घेतला. कोकणात हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण झालं खरं.

बयाबाईची मात्र झोप उडाली. ती सगळ्यांपेक्षा जड घमेलं उचलायची, म्हणजे मनाला थोडं बरं वाटायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती नवऱ्यापाशी बसली.

"सांगून टाकू काय हो?"

"काय सांगनार? गाडी हाय. हप्त्यानं येतेय. दारातच येतेय."

"लोकांना खरी वाटतेय."

"लोकांना मी मेलेला वाटलो, तवा मला कोनी विचारलं?" हैबतीने बॉनेट बसवलं. "तू गप रहा. तू काय खोटं बोलली नायस."

आणि पुढच्याच बाजाराला महमूदभायने तिला हाक मारलीच नाही. ती स्टॉलपाशी गेली तर त्याने मान खाली घातली. "वहिनी, हप्ता बंद. कंपनीनं अंक पाठवायचे थांबवले. सगळीकडे बंद झालेत."

"बंद? आन चौथं चाक?"

"ते आता नाय यायचं."

"तीनच चाकं झालीत, महमूदभाय! तीन चाकांची गाडी कोनी बघितली काय?"

"रिक्षा असते, वहिनी," तो बिचारा तिला हसवायला म्हणाला. बयाबाईने असं काही पाहिलं की त्याने जीभ चावली आणि घरून अंड्यांची दुप्पट मागणी आहे असं सांगून विषय बदलला.

घरी आल्यावर तिने घाबरत-घाबरतच नवऱ्याला सांगितलं. हैबतीने चौथ्या चाकाची रिकामी जागा बोटाने चाचपली. मग म्हणाला, "माझी ती पत्र्याची पेटी काढ." पेटीत ड्रायव्हरकीचे पांढरे कपडे होते, घडी घातलेले, आणि बुटपॉलिशची काळी गोल डबी. शेटच्या गाडीत बसायच्या आधी रोज बुटांना लावायचा तो. त्याने डबी चाकांशेजारी धरून पाहिली. माप जुळलं, जवळपास. मधोमध खिळ्याने भोक पाडलं आणि डबी चौथ्या जागी बसवली.

"कंपनी बंद पडली म्हनून मी बंद पडू काय?" तो म्हणाला.

पण स्टँडवरची ती बोलाचाली पुन्हा कुणीतरी ऐकलीच होती. 'हैबतीचा हप्ता बंद झाला' हे नाक्यावर पोचलं, चांगूला उकळ्या फुटल्या, आणि गाडी ओढून नेली काय याची चौकशी करायला तो स्वतः महाडला, महमूदभायच्या स्टॉलवर गेला. महमूदभायला काय माहीत? त्याने भोळेपणाने उरलेला एक अंक काढून चांगूच्या हातात ठेवला.

त्या दिवशी वाट वाडीखालच्या कातळापर्यंत आली होती. मोठा काळा कातळ, पहार मारली की ठिणगी उडे. त्याला बगल देऊन वर कसं चढायचं यावर बाप्ये वाद घालत होते, तेवढ्यात चांगू खालून आला, नव्या खणलेल्या वाटेवरूनच, आणि अंक डोक्यावर धरून ओरडला.

"बघा, बघा तुमच्या हैबतीची गाडी! पोरांचं खेळनं हाय, खेळनं! या म्हातारीनं आख्ख्या वाडीला मामा बनवलं!"

अंक हातोहात फिरला. कुदळी थांबल्या. मंजुळेने चित्र पाहिलं, मग बयाबाईकडे पाहिलं. "बया, खरं गो हे?"

बयाबाईने घमेलं खाली ठेवलं आणि ती घराकडे चालू लागली. "पळाली!" चांगू म्हणाला. पळाली नव्हती. ती परत आली तेव्हा डोक्यावर अंड्यांची पाटी होती. पाटी तिने ताज्या मातीवर उतरवली, वरचं फडकं काढलं आणि गाडी दोन्ही हातांनी उचलून वाटेवर ठेवली. काळी, चकचकीत, हातभर लांब. तीन चाकं कंपनीची आणि एक बुटपॉलिशचं.

"ही गाडी," ती म्हणाली. "हीच. मी खोटं बोलले नाय, पन तुमाला काय वाटतंय ते मला ठावं होतं आन मी गप राहिले. काय शिव्या द्यायच्या त्या द्या." तिने बॉनेटवर उडालेली माती पदराने पुसली. "गाडी लहान हाय, कबूल. पन आमचा रोग लहान हाय काय? मंजुळे, तुझ्या सुनेच्या कळा लहान होत्या काय? गाडी लहान हाय म्हनून वाट लहान करायची, असं कुठं लिवलंय? आन चांगू, तू म्हनालास गाडी दाखवा. ही बघ. माझ्या दारात हाय. चाकांसकट हाय. आता तुझा ठराव दाखव!"

चांगू काहीतरी बोलायला गेला, पण मंजुळा पुढे झाली. ती खाली बसली आणि तिने गाडीला बोटाने हलकेच ढकललं. गाडी चालली. बुटपॉलिशची डबी टकटक वाजत होती, गाडी एका अंगाला जरा लंगडत होती, पण उतारावरून सरळ गेली आणि चांगूच्या चपलेला धडकून थांबली.

"चालते गो!" मंजुळा म्हणाली.

आधी एकजण हसला, मग सगळे. बयाबाईला वाटलं आपल्याला हसतायत. पण सगळ्यांचे डोळे चांगूच्या पायाकडे होते.

"सरपंच, बाजूला व्हा, गाडीला जागा द्या!" कुणीतरी ओरडलं.

"येवढं खनलं ते काय आता बुजवायचं?" मंजुळा पदर खोचत उठली. "उठा रे, बघताय काय! आन बया, तुला मी नंतर बघते. शेजारनीला सांगायचं होतंस तरी." बयाबाईच्या डोळ्यांना धार लागली. मंजुळेने तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि घमेलं हातात दिलं.

चांगू अंक तिथेच टाकून गेला.

मृगाच्या तोंडावर चाकरमानी मुंबईला परतले. वाट कातळापर्यंत झाली होती, कातळ तेवढा राहिला. कातळापासून हैबतीचं घर हाकेवर होतं, पण ती हाकेवरची चढण माणसाच्या पायांचीच होती. आणि नेमका तेव्हाच, आभाळ दाटलेल्या एका सकाळी, हैबतीला पुन्हा उबाळा आला.

ओठ निळे पडले. छाती भात्यासारखी वर-खाली. शेजारचे धावले, कुणीतरी सवयीने बांबू आणि घोंगडी आणली. हैबतीने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

"सोडा हो हट्ट," बयाबाई रडकुंडीला आली. "मरशाल."

"मरू दे."

मंजुळेचा मुलगा नाक्यावर पळाला, गणूच्या दुकानातून फोन केला. महमूदभायचा पुतण्या अर्शद महाड-पोलादपूर जीप चालवायचा. तो पोलादपुरातच होता. लाल मातीच्या कच्च्या वाटेने, चाकं घसरत, इंजिन बोंबलत, जीप वर आली. टेपवाडीच्या डोंगरावर पहिलं चाक चढलं ते हे. पोरंटोरं किंचाळत मागे धावत होती. कातळापाशी जीप थांबली.

"आली बघा गाडी!" बयाबाई म्हणाली. "चला."

हैबतीने डोळे किलकिले केले. "दारात... आली काय?"

असा राग आला बयाबाईला! श्वास पुरत नाही आणि शब्दाला धरून बसलाय! तिने त्या माणसाकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, आणि मग चौकटीतल्या दाराकडे. जुनं सागवानी दार, बिजागरीचं नव्हे, कुसावर बसवलेलं. उचललं की निघतं.

"दार काढा," ती म्हणाली.

"काय?"

"दार काढा म्हनते ना! गाडी दाराशी येत नाय तर दार गाडीशी न्या!"

दोघांनी फळी उचलली आणि कातळाकडे धावत नेली. दोघांनी हैबतीच्या काखेत हात घातले. बांबू नाही, घोंगडी नाही. स्वतःच्या पायांवर, चार पावलं चालून थांबत, तो आपल्या अंगणातून उतरला. बयाबाई मागून पाटी घेऊन आली. जीपच्या पुढच्या सीटशेजारी, कातळाला टेकून, त्याच्याच घराचं दार उभं केलेलं होतं. त्यावरचं गेल्या दिवाळीचं कुंकू अजून दिसत होतं.

"आली गाडी दारात," बयाबाई म्हणाली. "आता तरी बसताय?"

हैबतीने दाराकडे पाहिलं. त्याला हसू आलं, हसण्याने खोकला आला, आणि खोकतच त्याने दाराला हात लावला आणि तो गाडीत चढला. ड्रायव्हरशेजारी, पुढे. बयाबाईने त्याच्या मांडीवर काळी मोटार ठेवली आणि मागच्या सीटवर बसून त्याचे खांदे धरून ठेवले.

नाक्यावर गर्दी होती, एसटीची वेळ. जीप वळणावर हळू झाली. हैबतीची मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले, तोंड उघडं. गणू दुकानाच्या पायरीवरून खाली उतरला. जीपमधला माणूस बघून त्याचा चेहरा पडला. हात आपोआप शटरकडे गेला.

"कोन गेला गो?" त्याने विचारलं.

बयाबाईचा हात तसाच पदराकडे गेला. आणि मग, काय झालं कोण जाणे, तिने पदर सोडला आणि जीपच्या बाहेर अर्धी वाकली.

"हैबती!" ती ओरडली. आख्ख्या नाक्याने ऐकलं. "हैबती हाय हा! गेला नाय, चाललाय! स्वतःच्या दारातनं गाडीत बसून चाललाय, हैबती! हात काढ त्या शटरवरनं!"

गणूने चटका बसल्यासारखा हात काढला. पारावरच्या म्हाताऱ्यांच्या टोप्या डोक्यावरच राहिल्या.

हैबतीने डोळे उघडले होते. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, तेवढी ताकद नव्हती. अर्शदच्या हाताखालून हात घालून त्याने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला, लांब, वर डोंगरापर्यंत पोचेल इतका. मग हात सोडून त्याने तुटक श्वासात विचारलं.

"नाव... घेतलंस?"

"घेतलं," बयाबाई म्हणाली. तिने त्याचे खांदे आणखी घट्ट धरले. "आता मरूनच दाखवा."

अर्शदने गिअर टाकला आणि जीप महाडच्या रस्त्याला लागली.